नावावर झालेली नाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला जुन्या मालाची पारख नाही, असे कोणी म्हणणार नाही. बैलबाजारात जोडी घ्यायला गेलेला माणूस आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, यावरून वय ठरते. मग तो खांदा चाचपतो, खूर पाहतो, जोडी चालवून पाहतो आणि सगळ्यात शेवटी विचारतो, ‘खोड काय?’ मारका आहे का, मध्येच बसतो का, पाण्याला बिचकतो का? विकणारा थोडे लपवतो, घेणारा थोडे ओळखतो आणि सौदा होतो. जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला, तर हाच माणूस ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेतो. पण जुनी नाव घ्यायची वेळ आली, की हा सावधपणा कुठे जातो कोण जाणे. रंग पाहिला जातो, लांबी-रुंदी पाहिली जाते, पैसे मोजले जातात. नाव नावावर होते. तिची खोड मात्र जुन्या मालकाच्या डोक्यातच राहून जाते.

समुद्रापासून इतक्या दूरच्या जिल्ह्यात नावेचा व्यवहार कसला, असे वाटू शकेल. पण नकाशा पाहावा. जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगाला वर्धा वाहते, दक्षिणेला पैनगंगा. या नद्यांवर पूल झाले नव्हते तेव्हा अलीकडच्या गावाचा पलीकडच्या शेताशी, सोयऱ्यांशी आणि बाजाराशी संबंध डोंग्यानेच टिकत होता. तो डोंगा बहुधा भोई समाजातल्या कुटुंबाचा असे. ज्या घराने तो घडवून घेतला, त्याच घरात तो वापरला जाई आणि तिथेच झिजून संपे. बाप वल्हे मारताना पोरगा नावेतले पाणी उपसत बसे. ते पाणी उपसतानाच त्याचे शिक्षण होई. नाव विकण्याचा प्रसंगच विरळा, त्यामुळे तिचे ज्ञान कोणाला समजावून सांगण्याची वेळ येत नसे.

मग धरणे आली. पुसदजवळ पूस, दिग्रसजवळ अरुणावती, बाभूळगाव तालुक्यात बेंबळा, पैनगंगेवर इसापूर. जिथे नांगर चालत होता तिथे पाणी उभे राहिले. ज्यांचा पाण्याशी संबंध विहिरीपुरता होता, त्यांची गावे जलाशयाच्या काठावर आली. मासेमारीच्या सहकारी संस्था झाल्या, तलावांचे ठेके निघू लागले आणि नाव हे एका जातीचे वंशपरंपरागत साधन न राहता कोणीही पैसे टाकून घ्यावे असे साधन झाले. यात वाईट काही नाही. उलट चांगलेच आहे. पण ठेक्याची मुदत संपते, भागीदारी मोडते, कोणी लाकडी नाव काढून फायबरची घेतो, आणि जुनी नाव दुसऱ्याच्या हाती जाते. या खरेदीविक्रीला बैलबाजारासारखा ठरलेला वार नाही आणि चार जाणत्यांची गर्दीही नाही. चहाच्या टपरीवर एक शब्द, एक फोन, आणि व्यवहार पुरा.

पहिली चूक ऋतूची होते. गिऱ्हाइकाला नावेची आठवण आश्विनात होते, कारण तेव्हा धरण भरलेले असते आणि हंगाम समोर असतो. पण तेव्हा नाव पाण्यात असते, आणि नावेचा जो भाग तपासायचा तोच नेमका पाण्याखाली. कोकणात हा पेच वेगळ्या रीतीने सुटतो. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांचे पोट उघडे असते आणि डागडुजी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. आपल्याकडे ती संधी वैशाखात मिळते. धरणाचे पाणी उतरलेले असते आणि नावा चिखलाच्या काठावर पालथ्या पडलेल्या असतात. नाव पाहावी वैशाखात आणि घ्यावी पाण्यात एक रात्र बांधून ठेवल्यानंतर. सकाळी आत किती पाणी साचले, हे विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा जास्त खरे बोलते.

लाकडी नावेच्या बाबतीत मात्र या खऱ्या बोलण्याचाही अर्थ लावावा लागतो. उन्हाळ्यात इथला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. कोरड्या पडलेल्या नावेच्या फळ्या आक्रसतात आणि त्यांच्यामधल्या फटी उघडतात. अशी नाव पाण्यात लोटली की पहिल्या दिवशी गळणारच. फळ्या पाणी पिऊन फुगल्या की फटी आपोआप मिटतात. जाणता माणूस तिला काठाशी उथळ पाण्यात ठेवून वाट पाहतो. नवा मालक घाबरतो आणि भर उन्हाळ्यात त्या उघड्या फटींमध्ये कडक होणारे लांबी-सिमेंट ठासून भरतो. पुढे पाण्यात फळ्या फुगू लागतात तेव्हा त्यांना सरकायला जागाच उरत नाही. मग खिळे ओढले जातात, फळीची कड चेपते आणि दुरुस्त केलेली नाव दुरुस्तीमुळेच मोडते. जुनी रीत अशी की फटीत कापसाची वळलेली वात ठोकायची आणि वरून तेल-राळेचा लेप द्यायचा. कापूस दाबला जातो, लाकूड फुगले तरी त्याला वाट देतो. ज्या जिल्ह्याची ओळखच कापूस आहे, तिथल्या नव्या नावमालकाला कापसाचा हा उपयोग सांगावा लागतो, हे थोडे विचित्रच.

लाकूड कुजण्याचीही एक गंमत आहे. समुद्रात लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे ते पोखरणारा जीव. पण खारे पाणी कुजवणाऱ्या बुरशीला फारसे मानवत नाही. गोड्या पाण्यात तो पोखरणारा जीव नसतो, पण बुरशीला रान मोकळे असते. म्हणून इथल्या नावेचे लाकूड बाहेरून नव्हे, तर आतून तपासावे. पावसाचे पाणी साचून राहते तो तळ, फळ्या आणि आडव्या लाकडांचे सांधे, टोकाचे कोपरे, अशा ठिकाणी टोच्या टोचून पाहावा. निकोप लाकूड टोच्याला अडवते, कुजके लाकूड त्याला आत घेते. ताजा रंग फक्त एवढेच सांगतो, की नाव अलीकडे रंगवली आहे.

फायबरच्या नावेला कूज नाही, म्हणून ती अमर आहे असा एक समज पसरला आहे. काचतंतूंचे थर राळेने जोडून ती बनते. वरचा गुळगुळीत थर खडकावर घासून गेला की पाणी आतल्या थरांत शिरते, फोड येतात आणि थर सुटू लागतात. याची परीक्षा आपल्या आयाबायांना चांगली ठाऊक आहे. माठ घेताना जसा बोटाने वाजवून घेतात, तशी नाव नाण्याने किंवा लहान हातोडीने टकटक करत तपासावी. टणक आवाज एकसारखा येत असला तर ठीक. मध्येच आवाज बद्द झाला की तिथे आत काहीतरी सुटले आहे. पत्र्याच्या नावेचा गंज बाहेरच्या बाजूपेक्षा आतल्या तळाशी, साचलेल्या पाण्याखाली जास्त असतो. तिथला रंग खरवडल्याशिवाय सौदा करू नये.

इंजिन असेल तर आणखी एक पायरी वाढते. मागे लावायचे जुने दोन-स्ट्रोक इंजिन पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालते, हे फवारणीचा पेट्रोल पंप वापरणाऱ्याला सांगावे लागणार नाही. पण ते इंजिन बाहेरचेच पाणी ओढून थंड होते, आणि चालू असताना मागून त्या पाण्याची बारीक धार पडत राहते, हे सांगावे लागते. धार थांबली की इंजिन लगेच बंद करायचे, कारण तोंडाशी शेवाळ किंवा गाळ अडकलेला असतो. ही धार कशासाठी हे माहीत नसलेला मालक इंजिन जाळून बसतो, आणि तेही नेमके पाण्याच्या मधोमध.

पण नाव गळल्याने जेवढे धोके होतात, त्याहून अधिक ती भरल्याने होतात. हे गणित एकदा करून पाहण्यासारखे आहे. ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद अशी एक नाव पेटीसारखी सरळ कडांची धरली, तर तिचे पाण्यावरचे क्षेत्र ४.८ चौरस मीटर होते. ती १ सेंटिमीटर खाली जायला ४८ किलो वजन लागते. म्हणजे ६० किलोचा माणूस चढला की नाव सव्वा सेंटिमीटर बसते. काठावरच्या माणसाला हा फरक दिसतसुद्धा नाही. म्हणून ‘अजून एक चालेल’ हे वाक्य प्रत्येक वेळी खरे वाटते. दहा वेळा खरे वाटून झाले की नाव साडेबारा सेंटिमीटर खाली गेलेली असते, आणि लाटेने आत यायचे तर तिला तेवढी कमी उडी मारावी लागते.

याच नावेत तळाला ५ सेंटिमीटर पाणी साचले, तर ते २४० किलो होते, म्हणजे चार माणसांचे वजन. फरक इतकाच, की माणसे जागेवर बसून राहतात आणि पाणी राहत नाही. नाव थोडी डावीकडे कलली की ही चारही ‘माणसे’ डावीकडे धावतात आणि तिला आणखी कलवतात. घाबरून प्रवासी उभे राहिले की भाराचे केंद्र वर जाते आणि उरलीसुरली स्थिरताही जाते. पाणी उपसणे हे पोरसवदा काम वाटते. खरे तर नाव सरळ ठेवण्याचे ते पहिले काम आहे.

नावेला खोड असते तशी पाण्यालाही असते. नदीवर तयार झालेला हात जलाशयावर पुरेसा पडत नाही. नदीत धोका प्रवाहाचा. जलाशयात तो वाऱ्याचा. मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांबवर वाहतो तितक्या लाटा मोठ्या होतात, म्हणून एका काठाला शांत दिसणारे पाणी दुसऱ्या काठाला खवळलेले असते. शिवाय आपले जलाशय म्हणजे बुडालेली शिवारे आहेत. झाडांचे बुंधे, विहिरींची तोंडे, घरांच्या भिंती खाली तशाच उभ्या आहेत. दिवाळीत ज्या बुंध्यावरून नाव हातभर अंतर राखून जाते, तोच बुंधा सिंचनाला पाणी सोडल्यावर माघ-फाल्गुनात तळाला लागतो. जुन्या मालकाला हे ठिकाण ठाऊक असते. कदाचित तिथे पूर्वी त्याचेच शेत असते.

हे सगळे केवळ मालकाच्या पैशांपुरते असते, तर त्यावर लिहिण्याचे फारसे कारण नव्हते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण गेले. घरातल्या दशक्रियेसाठी जमलेले नातलग त्यांत होते. हीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याची सीमा होते. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ वैनगंगेत, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या सहा स्त्रिया बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात, कुगावहून कळाशीकडे जाणारी नाव वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जणांचा जीव गेला. प्रत्येक घटनेची कारणे वेगळी आहेत. त्यांना एका माळेत ओवून कोणावर दोष ठेवणे योग्य नाही. सारखी आहे ती एकच गोष्ट. नावेत बसलेल्याला नावेची खोड विचारण्याची सोय नसते. तो मालकाच्या जाणतेपणावर विश्वास ठेवून पाय आत टाकतो.

साधन आधी आणि जाण मागाहून, याची किंमत या जिल्ह्याने एकदा मोजली आहे. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. पंप होता, औषध होते. अंगभर कपडे, मुखवटा, वाऱ्याची दिशा आणि मात्रेची शिकवण त्या प्रमाणात पोचली नव्हती. नावेचेही तसेच आहे. देशात १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यांत्रिक नावेची नोंदणी, तपासणी आणि विमा त्यात आहे, वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे ठेवण्याची तरतूदही आहे. पण नोंदवहीत मालकाचे नाव बदलते, अनुभव बदलून मिळत नाही.

याचा अर्थ जुनी नाव घेऊच नये, असा मुळीच नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. दोनशे वर्षांत तिला टिकवले ते सागाने आणि तिची निगा राखणाऱ्या हातांनी. जुनेपण हा दोष नव्हे. हातांची साखळी तुटणे हा दोष.

ती साखळी जोडायला फार खर्च नाही. कोकणात होडीचा मालक कोणीही असो, समुद्रावर शब्द तांडेलाचा चालतो. आपल्याकडे तांडेल नाही, पण जुना मालक आहे, काठावरचा म्हातारा भोई आहे. सौद्यातच ठरवून घ्यावे, की पहिला पंधरवडा विकणाऱ्याने सोबत यायचे आणि त्याची मजुरी किमतीत धरायची. नाव कोणत्या अंगाला कलते, कुठली फळी दरवर्षी गळते, किती माणसांना ती मुकाट्याने नेते आणि कितव्याला कुरकुरते, वारा सुटला की कोणत्या खाडग्यात शिरायचे, हे त्याने पाण्यावर दाखवायचे. मत्स्यव्यवसाय संस्थांना हे सहज करता येईल. नाव हस्तांतरित करताना एक कागद मालकीचा आणि एक खोडींचा, एवढेच.

यंदा धरणे भरली आहेत. दिवाळी उरकली की काठाकाठावर नव्या मालकांच्या नावा पाण्यात लोटल्या जातील. पैसे मोजण्यापूर्वी तो बैलबाजारातला जुना प्रश्न एकदा विचारावा, ‘खोड काय?’ आणि विकणाऱ्यानेही, समोरच्याची लेकरे त्याच नावेत बसणार आहेत हे आठवून, खरे उत्तर द्यावे.