न चमकणारा काटा

परभणी जिल्ह्यात जुन्या विलायती घड्याळाची किंमत दोनदा ठरते. एकदा घरात, आजोबांच्या नावाने, आणि दुसऱ्यांदा बाजारातल्या घडीसाजाच्या टेबलावर, मागचे झाकण उघडल्यानंतर. ह्या दोन किमती क्वचितच जुळतात.

टेबलावर येणाऱ्या नावांत फावर-लुबा आणि वेस्ट एंड ही नावे वारंवार आढळतात. 1737 साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेली फावर-लुबा 1865 मध्ये भारतात आली, वेस्ट एंडचे नाव 1886 पासूनचे आहे, आणि एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढल्यानंतरही, लग्नाच्या यादीत घड्याळ, अंगठी आणि सायकल एका दमात लिहिली जात असताना, विलायती घड्याळाचा तोरा टिकून राहिला. घड्याळ घेऊन येणारा प्रत्येक जण ‘सतरा ज्वेल’ हे शब्द आधी उच्चारतो. ज्वेल म्हणजे चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले कृत्रिम माणकाचे खडे. चावीच्या साध्या घड्याळाला सतरा पुरतात, आणि एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळातही ते सतराच असतात, त्यामुळे सतरा हा आकडा मशीन पूर्ण असल्याचे सांगतो, दुर्मीळ असल्याचे नव्हे.

झाकण उघडणे, मशीन पेट्रोलमध्ये धुणे, तेलाचा थेंब देणे ही नित्याची कामे आहेत, आणि त्या पेट्रोलचा वास टेबलाच्या लाकडात मुरलेला असतो. खरी पारख डायलपाशी सुरू होते. कारखान्यातली छपाई भिंगाखाली रेखीव दिसते, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नेमक्या जुळतात, आणि 6 च्या आकड्याखाली दोन बाजूंना विभागलेले ‘स्विस मेड’ बारीक पण स्वच्छ असते. हाताने पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरे जाड होतात, रेघा सरकतात. संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात, आणि ते अन्यायाचे आहे, कारण डाग पडलेली डायल नवी करून मागणारा शेतकरी कोणाला फसवत नव्हता, त्याला वेळ नीट दिसायला हवी होती. फसवणूक तीच डायल ‘ओरिजनल’ म्हणून विकणाऱ्याची आहे. जोडघड्याळाचेही तसेच: फावर-लुबाच्या 251 ह्या मशीनमध्ये दोन बॅरल, म्हणजे मुख्य कमान गुंडाळून ठेवणाऱ्या दोन डब्या, असतात, डायलवर ‘ट्विन पॉवर’ आणि आत एकच डबी निघाली, तर दोन घड्याळांचा संसार एका केसमध्ये मांडलेला आहे असे समजावे.

परंतु पारखीचा सर्वांत बोलका क्षण झाकणाआधीचा आहे. वयस्क घडीसाज, ज्याला सारा बाजार चाचा म्हणतो, घड्याळ हातात घेतो, तळहाताची ओंजळ करून डायलवर अंधार पाडतो आणि बोटांच्या फटीतून एका डोळ्याने आत पाहतो. 1950 च्या सुमाराचे म्हणून आणलेल्या घड्याळाचा काटा हिरवा चमकला, तर तो मान हलवतो. त्या काळी काट्यांवर रेडियमयुक्त रंग लावत. रेडियम निम्मे व्हायला सुमारे 1600 वर्षे लागतात, म्हणून त्याचा किरणोत्सर्ग आजही तसाच आहे, मात्र त्याच्या माऱ्याने चमकणारे झिंक सल्फाइड काही दशकांतच थकते; अस्सल जुना काटा म्हणूनच अंधारात आंधळा असतो. तो रंग खरवडणे आरोग्याला घातक आहे, हेही चाचा ठासून सांगतो.

गंगाखेडकडून आलेल्या एका तरुणाचे घड्याळ ह्या ओंजळीत पूर्ण काळे राहिले. डायल पिवळसर पडलेली, कडेला तपकिरी छटा, अक्षरे मात्र शाबूत. तरुणाची मागणी एकच होती, “चाचा, नव्यासारखं करून द्या, सतरा ज्वेल आहे.” चाचाने मशीन पेट्रोलमध्ये सोडले, डायल कागदाच्या पुडीत वेगळी ठेवली आणि पुडीवर पेन्सिलीने लिहिले: हात लावू नये.