रेशन असताना भूक कुठली?

लग्नसराईत साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला वरण-बट्टीची पंगत उठली की उरलेल्या पातेल्यांकडे पाहून कुणीतरी म्हणतंच, 'कुणा गरिबाला देऊन टाका.' भावना चांगली आहे. पण शिजलेलं अन्न गरम ठेवायचं तर ते ६० अंशांच्या वर लागतं. मे महिन्यात मांडवात तासन् तास उघडं राहिलेलं वरण दुसऱ्याच्या मुलाला देणं हे दान नव्हे. बट्टी कोरडी, ती तेवढी लवकर विटत नाही. उरलेलं अन्न वाटण्यासाठी देशात २०१९ पासून अन्नसुरक्षेचे स्वतंत्र नियमही आहेत. वाटायचंच असेल तर पंगत बसण्याआधी वेगळं काढावं, झाकावं आणि लगेच पोहोचवावं.

मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ मध्ये उरलेलं जेवण वाटणारी रोटी बँक सुरू केली, तशी इथे का नको, असं विचारतात. तिथे समारंभ आणि उपाशी माणूस जवळजवळ असतात. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात पाडे डोंगरांत विखुरलेले, तिथे ताजं जेवण नेण्यापेक्षा कोरडा शिधा बरा.

'रेशन फुकट मिळतं, मग भूक कुठली?' हा सगळ्यात पक्का गैरसमज. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. हे मुख्यतः गहू-तांदूळ. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात डाळ, तेल धरलेलं नाही. पोटाला आधार होतो, पोषण होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणून द्यायचंच तर तूरडाळ, शेंगदाणे, तेल द्या. तांदळाची आणखी एक गोणी नको.

ऊसतोडीला गुजरातेत गेलं की रेशन बुडतं, असंही अनेक मजूर धरून चालतात. ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्राचं कार्ड गुजरातच्या दुकानातही चालायला सुरुवात झाली. काही वाटा तिकडे उचलून उरलेला गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवता येतो. अडतं ते अंगठ्यापाशी: कोयता धरून बोटं झिजलेली, आधार जोडलेला नाही, सुनेचं नाव कार्डावर चढलेलंच नाही.

स्वयंसेवकाचं खरं काम इथे आहे. वाढपी पुष्कळ मिळतात. फॉर्म भरून तहसीलपर्यंत पाठपुरावा करणारा मिळत नाही. साक्रीच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेत अंगणवाडीतून एक वेळचं चौरस जेवण मिळायला हवं. ते कुणाला मिळत नाही, याची विचारपूसही कुणीतरी करायला हवी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसतात, त्यामुळे कार्डांची दुरुस्ती त्याआधीच उरकलेली बरी.