‘बुडालेली’ की ‘बुडवलेली’ : इंग्रजीतील भूतकालवाचक धातुसाधित, शब्दयोगी अव्यय व सर्वनाम यांची जुळणी – मणिबेलीच्या संदर्भात

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे नर्मदेच्या काठावरचे गाव. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी मणिबेली धरणाला सर्वांत जवळ असल्याने १९९३ च्या पावसाळ्यात पाणी प्रथम याच गावात शिरले. त्या वेळी हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना अर्थसाह्य देणे थांबवावे, अशी मागणी करणाऱ्या सप्टेंबर १९९४ मधील आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यालाही याच गावाचे नाव देण्यात आले. एवढ्या लहान गावाविषयी इंग्रजीत इतका मजकूर लिहिला गेल्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात दुसरे नाही. लवादाचा निवाडा, १९९२ चा मोर्स समितीचा अहवाल, प्रतिज्ञापत्रे, सर्वोच्च न्यायालयाचा १८ ऑक्टोबर २००० चा निकाल, हे सारे मूळ इंग्रजीत आहे. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले, त्यांची मुले आज महाविद्यालयात इंग्रजी शिकत आहेत. घरची बोली भिली किंवा पावरी, शाळेची भाषा मराठी आणि तिच्यावर तिसरी इंग्रजी, अशी त्यांची चढण आहे.

या विद्यार्थ्यांना शिकवताना प्रस्तुत लेखकाला एक व्याकरणिक अडचण वारंवार जाणवली. इंग्रजीतील भूतकालवाचक धातुसाधिताला, म्हणजे पास्ट पार्टिसिपलला, शब्दयोगी अव्यय आणि सर्वनाम कसे जोडले जाते, ही ती अडचण होय. तिचा उलगडा करण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

एक वाक्य

पुनर्वसन वसाहतीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले, ‘अवर लँड वॉज सबमर्ज्ड.’ वाक्य निर्दोष आहे. त्याचे मराठी करण्यास सांगताच ती थांबली आणि तिने विचारले, “सर, ‘बुडाली’ लिहू की ‘बुडवली’?”

हा प्रश्न वरवरचा नाही. मराठीत ‘बुडणे’ हे अकर्मक आणि ‘बुडवणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे. त्यामुळे त्यांची धातुसाधितेही निराळी होतात. ‘बुडालेली जमीन’ म्हणताना बुडवणारा कोणी आहे की नाही, हे सांगावे लागत नाही. ‘बुडवलेली जमीन’ म्हणताच कोणीतरी बुडवणारा मनात उभा राहतो. इंग्रजीत ‘सबमर्ज’ अकर्मकही आहे आणि सकर्मकही. दोहोंचे धातुसाधित एकच, ‘सबमर्ज्ड’. जो भेद मराठी क्रियापदाच्या पोटात ठेवते, तो इंग्रजी धातुसाधिताच्या बाहेर ठेवते. ‘बाय’ हे अव्यय आणि त्यापुढे नाम किंवा सर्वनाम आले तरच कर्ता दिसतो. ते न आल्यास वाक्य अपुरे वाटत नाही, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

‘बाय’नंतरचे सर्वनाम

‘बाय’नंतर ‘ही’, ‘दे’, ‘आय’ ही रूपे येत नाहीत. ‘हिम’, ‘देम’, ‘मी’ ही येतात. याचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तके कर्मवाचक रूप म्हणून देतात व पुढे जातात. मराठी विद्यार्थ्याला ते सामान्यरूपाच्या आधारे अधिक लवकर उमगते. ‘तो’ला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे ‘त्या’ होते आणि मग ‘त्याने’, ‘त्याला’, ‘त्याच्याकडून’ ही रूपे सिद्ध होतात. ‘हिम’ हे जणू ‘ही’चे सामान्यरूप होय. फरक एवढाच की मराठीत प्रत्यय मागून चिकटतो, इंग्रजीत अव्यय पुढे आणि सुटे उभे राहते.

तरीही ‘रिटन बाय आय’ अशी चूक विद्यार्थी करतातच. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचे मूळ मराठीतच असावे. ‘त्याने पत्र लिहिले’ येथे कर्त्याला ‘ने’ लागतो. परंतु ‘मी पत्र लिहिले’, ‘आम्ही पत्र लिहिले’ येथे कर्त्याचे रूप बदललेले दिसत नाही. न बदललेला हा ‘मी’ विद्यार्थी तसाच इंग्रजीत नेतो. आणि गंमत अशी की इंग्रजीतील अचूक रूपाचा उच्चारही ‘मी’ असाच आहे!

मराठीचा ‘ने’ आणखी एका ठिकाणी फसवतो. तो कर्ता दाखवतो आणि साधनही दाखवतो. ‘गावकऱ्यांनी बांधलेले घर’ आणि ‘गाळाने भरलेले घर’ यांत प्रत्यय एकाच तृतीया विभक्तीचा आहे. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी ‘बिल्ट बाय देम’ आणि दुसऱ्यासाठी ‘फिल्ड विथ सिल्ट’ असे म्हणावे लागते. ‘डिस्प्लेस्ड’पुढे ‘फ्रॉम’ आले तर सोडलेली जागा कळते, ‘बाय’ आले तर कारण कळते. ‘टेकन फ्रॉम देम’ आणि ‘टेकन बाय देम’ यांत केवळ एका अव्ययाने जमीन गमावणारा आणि जमीन घेणारा यांची अदलाबदल होते.

‘त्यांना’ जमीन मिळाली

‘त्यांना जमीन देण्यात आली’ याचे भाषांतर ‘देम वॉज गिव्हन लँड’ असे हमखास होते, कारण ‘त्यांना’ म्हणजे ‘देम’ हे मनात पक्के असते. इंग्रजीला दोन वाटा मान्य आहेत. ‘दे वेअर गिव्हन लँड’ येथे माणसे उद्देश्यस्थानी आहेत, म्हणून अव्यय नाही व सर्वनाम कर्तृरूपात आहे. ‘लँड वॉज गिव्हन टू देम’ येथे जमीन उद्देश्य झाली, माणसे मागे गेली, म्हणून ‘टू’ आले आणि ‘दे’चे ‘देम’ झाले. दोन्ही शुद्ध आहेत. परंतु पुनर्वसनाचा वृत्तान्त लिहिताना माणसांपासून आरंभ करायचा की हेक्टरांपासून, हे त्या निवडीतच ठरते.

गिळलेली अव्यये

मराठीत विशेषणाचा सारा पसारा नामाआधी येऊ शकतो: ‘धरणाने बाधित झालेली माणसे’. इंग्रजीत ‘अफेक्टेड बाय द डॅम’ हा समूह नामाच्या मागे जातो: ‘पर्सन्स अफेक्टेड बाय द डॅम’. सर्वनामासह ‘दोज अफेक्टेड बाय इट’ असे होते. तो नामाआधी आणायचा तर अव्यय टाकून समास करावा लागतो. त्यातून ‘प्रोजेक्ट-अफेक्टेड पर्सन्स’ ही सरकारी संज्ञा तयार झाली. आपला ‘धरणग्रस्त’ हा शब्द याच रीतीचा. ‘धरणाने ग्रस्त’ असा त्याचा विग्रह होतो. हा तृतीया तत्पुरुष असून त्यात ‘ने’ लोप पावला आहे. ‘ग्रस्’ धातूचा अर्थ गिळणे असा आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘डिस्प्लेस्ड’ होते, १९८६ च्या कायद्यात त्या जागी ‘अफेक्टेड’ आले. पहिले धातुसाधित ‘कोठून?’ असे विचारायला लावते, दुसरे ‘कशामुळे?’ असे. घर न सोडता ज्याचे शेत गेले, त्याला शब्दार्थाने पहिल्यात जागा मिळणे कठीण होते.

नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यातील ‘आउस्टी’ हा शब्द तर याहून आटोपशीर आहे. ‘एम्प्लॉयी’, ‘अलॉटी’ यांतील शेवटचा ‘ई’ हा मुळात नॉर्मन फ्रेंचमधील भूतकालवाचक धातुसाधिताचा प्रत्यय होय. म्हणजे ‘आउस्टी’ हेही व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘हुसकावलेला’ असे धातुसाधितच आहे. फक्त ते पूर्ण नाम बनले आहे. नाम झाल्यामुळे त्याच्यापुढे ‘बाय’ सहज जोडता येत नाही. हुसकावलेला दिसतो, हुसकावणाऱ्यासाठी वाक्यात जागाच उरत नाही. निवाड्याने कोणाला लपवण्यासाठी हा शब्द योजला असे म्हणणे अन्यायाचे होईल. कायद्याला आटोपशीर संज्ञा लागतात. पण वाचणाऱ्याने ती रिकामी जागा ओळखली पाहिजे.

शेवटी लोंबणारे अव्यय

काही इंग्रजी क्रियापदे अव्ययाशिवाय कर्म घेत नाहीत. ‘लिसन टू देम’ हे कर्मणी झाले की ‘देम’ पुढे जाऊन ‘दे’ होते, ‘टू’ मात्र धातुसाधितामागे तसेच राहते: ‘दे वेअर नॉट लिसन्ड टू’. मराठीत ‘त्यांचे ऐकले गेले नाही’ येथे असे लोंबणारे काही नसल्याने विद्यार्थी ‘टू’ गाळतात. ‘द लँड दे वेअर इव्हिक्टेड फ्रॉम’ याचीही तीच गत होते. अशा वेळी मूळ कर्तरी वाक्य लिहून घेणे, त्यातील अव्ययाभोवती वर्तुळ काढणे आणि कर्मणी रूपात ते वर्तुळ शाबूत आहे का हे पाहणे, हा उपाय वर्गात उपयोगी पडतो. पत्र रामाने लिहिल्याची वाक्ये त्यासाठी पुरत नाहीत.

त्या विद्यार्थिनीने निबंधातील वाक्य पुढच्या तासाला स्वतःच पुन्हा लिहून आणले. ‘सबमर्ज्ड’पुढे तिने ‘बाय द डॅम’ जोडले होते, आणि खाली आणखी एक ओळ होती : ‘वुई वेअर टोल्ड, बट वुई वेअर नॉट लिसन्ड टू.’ ‘टू’भोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलेले होते.