तीनशे मीटरचं घड्याळ, दहा मीटरचा समुद्र

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याला प्रशिक्षक हात धरून नेतो ते फार तर आठ-दहा मीटर खोल. रीतसर शिकलेल्या हौशी पाणबुड्यालाही ४० मीटरच्या खाली उतरू नये असंच शिकवतात. आणि डोंबिवली फास्टच्या दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मित्राच्या मनगटावर मात्र ३०० मीटरचं घड्याळ! त्याला सर्वांत खोल पाणी भेटतं ते जुलैमध्ये, स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर.

यात हसण्यासारखं फारसं काही नाही. खरे पाणबुडेसुद्धा आता हातावर डाइव्ह कॉम्प्युटर बांधतात. तरीही डाइव्ह घड्याळं खपतात, कारण ती दणकट असतात, अंधारात वाचता येतात, पावसाला जुमानत नाहीत आणि लग्नातल्या कोटाखालीही शोभतात. पाऊण-एक लाखापासून दहा-बारा लाखांपर्यंतचं असं घड्याळ घेण्याची ऐपत आणि हौस असलेली माणसं ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आता भरपूर आहेत. चुकतं ते एवढंच, की महिनोन्‌महिने मोबाइलवर अभ्यास होतो आणि दुकानात मात्र पंधरा मिनिटांत सगळं उरकतं. व्हायला हवं नेमकं उलटं. या घड्याळाचं जे काही बरंवाईट आहे ते हातात घेतल्यावरच कळतं.

ही जात जन्मली १९५३ च्या सुमारास. ब्लाँपांचं ‘फिफ्टी फॅदम्स’ त्या वर्षीचं, आणि रोलेक्सच्या ‘सबमरीनर’चं सालही तेच धरतात. ओमेगाचं ‘सीमास्टर ३००’ १९५७ मध्ये आलं, जपानच्या सीकोचं पहिलं डाइव्ह घड्याळ १९६५ मध्ये. याच मंडळींत मुंबईच्या ओळखीचं एक नाव आहे: फाव्र-ल्यूबा, आपल्या आजोबांच्या तोंडी फेवर ल्युबा. १७३७ पासूनचा वारसा सांगणाऱ्या या स्विस कंपनीने १८६५ मध्येच मुंबईत बस्तान बसवलं होतं. तिची ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’ ही चावीची घड्याळं एका पिढीने मिरवली. नावात समुद्र असला तरी पाण्याशी त्यांचा संबंध हात धुण्यापुरताच, तोही जपून. पण याच कंपनीने १९६८ मध्ये ‘बाथी’ नावाचं अचाट यंत्र काढलं. मागच्या झाकणातून पाणी मुद्दाम एका कप्प्यात घ्यायचं, दाबाने धातूचा पातळ पडदा वाकायचा आणि तबकडीवरचा काटा खोली दाखवायचा, ५० मीटरपर्यंत. पाणी आत येऊ नये म्हणून सगळे धडपडत असताना या लोकांनी त्याला दार उघडून दिलं! २०११ मध्ये हे नाव टायटनने विकत घेतलं, पुढे ते एथॉस या भारतीय विक्रेत्या कंपनीच्या समूहाकडे गेलं आणि २०२४ मध्ये नव्या घड्याळांसह बाजारात परतलं. जुनं ‘सी किंग’ कुठे चकचकीत अवस्थेत स्वस्तात दिसलं, तर तबकडी नव्याने रंगवलेली असण्याचीच शक्यता जास्त. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

आता त्या ३०० च्या आकड्याविषयी. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो. तेव्हा ३०० मीटर म्हणजे ३० वातावरणांचा दाब, तोही कारखान्यातल्या चाचणीत, नव्या घड्याळावर, नव्या रबरी वायसरांसह. वायसर जुना झाला की आकडा डायलवर राहतो, घड्याळात राहत नाही. त्यामुळे ‘३० मीटर’वालं घड्याळ घालून पोहायला जाऊ नये, आणि मालवणला १०० मीटरचं खरं डाइव्ह घड्याळ पुरून उरतं. खरं म्हणजे कोणतं? त्यासाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. किमान १०० मीटरची क्षमता, पूर्ण अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणं, धक्के, चुंबकत्व आणि खाऱ्या पाण्याला तोंड देणं, बुडी मारून किती वेळ झाला ते दाखवणारी सोय, आणि लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली तपासणी. साध्या ‘वॉटर रेझिस्टंट’ घड्याळांत नमुन्याचे नग तपासले तरी भागतं. इथे एकेक नग तपासावा लागतो. डायलवर ‘डायव्हर्स’ असा शब्द आणि खोली लिहिलेली असेल तर कंपनी या मानकाची जबाबदारी घेते आहे असं समजा. पुष्कळ महागडी घड्याळं मानकाचा उल्लेख न करताच विकली जातात. ती वाईट नसतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

काही घड्याळांना हेलियमची झडप असते आणि विक्रेता ती मोठ्या अभिमानाने दाखवतो. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात, सुमारे ७५-८० मीटर पाण्याखाली काम करणारे पाणबुडे दिवसच्या दिवस दाबाच्या कोठडीत राहतात आणि हेलियममिश्रित हवा घेतात. हेलियमचे बारीक कण घड्याळात शिरतात आणि दाब उतरवताना काच उडवू शकतात. त्यांना बाहेर सोडायला ही झडप. तुमचा मुक्काम तसल्या कोठडीत नसेल, तर तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

दुकानात पहिलं काम म्हणजे घड्याळ हातावर चढवून आरशात पाहणं. मनगट डोळ्यांसमोर धरलं की प्रत्येक घड्याळ मोठं वाटतं, चार फुटांवरून खरं माप कळतं. व्यासाच्या आकड्यावर विसंबू नका. ‘सबमरीनर’ २०२० पासून ४१ मिलिमीटरचं आहे, ओमेगाचं ‘सीमास्टर डायव्हर ३००’ ४२ चं, ट्यूडरचं ‘ब्लॅक बे ५८’ ३९ चं. पण पट्टा जिथे जोडतात त्या वरच्या-खालच्या शिंगांमधलं अंतर मनगटाच्या रुंदीबाहेर गेलं, तर चाळिशीच्या आतलं घड्याळही ताटलीसारखं दिसतं. जाडीही पाहा. ऑफिसला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत असाल तर तोच घालून जा आणि कफ खाली सरकतो का ते बघा.

मग बेझल. हे बाहेरचं कडं फक्त डावीकडे फिरतं, आणि त्यात शहाणपण आहे. बुडी मारताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. पुढे काटा जिथे असेल तितकी मिनिटं झाली. धक्का लागून कडं सरकलंच, तर झालेला वेळ जास्तच दिसतो, म्हणजे माणूस लवकर वर येतो. दुकानात ते पूर्ण फेरी फिरवा. टकटक एकसारखी हवी, सोडल्यावर मागे-पुढे हलता कामा नये, आणि त्रिकोण बरोबर बाराच्या खुणेवर बसला पाहिजे. लाखो रुपये मोजून अर्ध्या मिनिटाने तिरकं बेझल घरी आणणारे लोक आहेत. घरी आल्यावर हेच कडं कुकरला, इडलीला आणि कल्याण लोकलच्या उशिराला लावता येतं, हा त्याचा रोजचा खरा उपयोग.

यानंतर चावी, म्हणजे बाजूची घुंडी. ती बरणीच्या झाकणासारखी आटे घेऊन बसते. दोन-तीनदा उघडून बंद करा. अडखळली, वाकडी बसली, तर दुसरा नग मागा. घड्याळात पाणी शिरण्याचं अगदी साधं कारण म्हणजे तारीख बदलल्यावर उघडी राहिलेली चावी. अंधारातली काट्यांची चमक पाहायला हाताची ओंजळ करून डायल झाका किंवा काउंटरच्या खाली धरा. शेवटी साखळीचं लॉक. दुकानातल्या एसीत फिट बसलेलं घड्याळ मे महिन्याच्या दुपारी दिवा स्टेशन येईपर्यंत मनगटात रुतू लागतं, कारण हात सुजतो. कडी न काढता लांबी थोडी कमी-जास्त करण्याची सोय लॉकमध्ये आहे का ते पाहा. आपल्या हवेत ही सोय हेलियमच्या झडपेपेक्षा शंभर पट कामाची. शक्यतो संध्याकाळी, दिवसभर वणवण झाल्यावर जा.

आपल्याकडे एक संकोच असतो. घ्यायचं नक्की नसताना पाच लाखांचं घड्याळ काढायला कसं सांगायचं? बिनदिक्कत सांगावं. दाखवणं हे त्यांचं कामच आहे, आणि पहिल्याच दिवशी न घेण्याचा हक्क तुमचा. ठाण्याच्या मॉलमध्ये किंवा गोखले रोड-राम मारुती रोडच्या परिसरात सीको, टिसॉ, राडो अशा नावांची चाचपणी करून हात तयार करावा. डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात घड्याळांची दुकानं भरपूर, पण या वरच्या जातीसाठी ठाणं गाठावं लागतं, आणि त्याही वर जायचं तर लोअर परळ किंवा बांद्रा-कुर्ला संकुल. तिथेही रोलेक्सच्या काचेतले नग बहुधा पाहण्यापुरते असतात. नाव नोंदवून थांबावं लागतं, आणि लवकर मिळावं म्हणून नको असलेलं दुसरं काही घेण्याची अजिबात गरज नाही.

पैशांचं थोडक्यात. आयात घड्याळाच्या डब्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपी हवी. एमआरपीत १८ टक्के जीएसटी आलेला असतो, त्यावर वेगळा लावता येत नाही. दोन लाखांच्या वर पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं दुकानदाराला कायद्याने मना आहे. दहा लाखांवरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, घेतात; विवरणपत्र भरताना तो आपल्या खात्यात धरला जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचं आहे, म्हणून घाई कशालाच नाही. दुबईहून भाऊ आणून देईल हा बेत असेल, तर विमानतळावरची सवलत हजारांत मोजतात, घड्याळ लाखांत. जाहीर न करता आणलं तर पंचाईत भावाची होते.

घेताना बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख पाहून घ्या, आणि कड्या काढल्या असतील तर त्या मागून घ्या. पुढे दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, अधिकृत सेवा केंद्रात पाण्याच्या दाबाची चाचणी करून वायसर तपासून घ्या. आणि नुसता सेल बदलायला म्हणूनसुद्धा, ज्याच्याकडे दाब तपासायचं यंत्र नाही अशा घड्याळजीला मागचं झाकण उघडू देऊ नका.