शिवनेरीच्या पायथ्याची वतनदारी

१६०३ साली जपानात तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झाला. तेव्हा अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मलिक अंबर निजामशाहीचा उरलासुरला डोलारा सावरत होता. पुढे काही काळ त्याने जुन्नरलाच राजधानी केली. जपानचे सामुराई (योद्धे) आणि दाइम्यो (मोठे सरदार) आपल्याला सिनेमांमुळे ओळखीचे झाले. जुन्नर-आंबेगावात त्याच काळात जी सरंजामी घडी होती, तिची माहिती मात्र बाडांत बांधलेली राहिली. त्या घडीचं नाव वतनदारी: पिढ्यान्‌पिढ्या चालणारं काम आणि त्याचा हक्क.

राज्य बदललं, पाटील तोच

मलिक अहमदने १४९० मध्ये जुन्नरमधूनच निजामशाही उभी केली. १६३६ मध्ये शहाजीराजांना माहुलीला शरण जावं लागलं आणि जुन्नर मोगलांकडे गेलं. पुढे मराठे आले, शेवटी इंग्रज. एवढ्या उलथापालथीत गावच्या पाटलाचं, कुलकर्ण्याचं आणि परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांचं वतन बापाकडून मुलाकडे जातच राहिलं. नव्या सत्तेलाही सारा गोळा करायला हीच माणसं लागत, त्यामुळे जुनी सनद दाखवली की नवी मिळे.

जपानशी इथे मोठा फरक पडतो. शोगुनची मर्जी फिरली की दाइम्योला आपला मुलूख सोडून दुसऱ्या टोकाला जावं लागे. १६३५ पासून तर त्याने आलटून पालटून शोगुनच्या राजधानीत, एदोत राहावं, असा नियमच झाला. आपल्या देशमुखाला असं उपटणं सुलतानालाही जड जाई. (तिकडचा गावप्रमुख मात्र बहुधा पिढीजातच असे, म्हणजे तळाशी दोन्हीकडे सारखंच.)

वतनदार हे राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरच्या आज्ञापत्रात म्हटलं आहे. शिवाजी महाराजांनी देशमुखांचे हुडे-वाडे पाडून त्यांचे हक्क बांधून दिल्याचं सभासदाची बखर सांगते. पण गंमत अशी, की ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये महाराज जन्मले, तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहर लुटलं, गड मोगलांकडेच राहिला. त्यामुळे या सुधारणेची झळ इथल्या वतनदारांना त्या काळी फारशी लागली नसावी.

खळ्यावरचा हिशेब

जपानी सरदाराची ऐपत कोकूत मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. दहा हजार कोकूंचा मुलूख असला की तो दाइम्यो. आपल्याकडे मोजमाप खळ्यावर होई. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी हे बलुतेदार वर्षभर काम करत आणि मळणीच्या वेळी धान्याचा किंवा पेंढ्यांचा वाटा घेत. कामाच्या गरजेप्रमाणे त्यांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत. नांगराशी ज्याचा संबंध जवळचा, त्याची ओळ थोरली.

जमीन कसणाऱ्यांतही दोन प्रकार होते: पिढीजात हक्काचा मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी. गावच्या बैठकीत मिरासदाराचं वजन असे, उपऱ्याचं नसे.

तलवार कोणाच्या हातात

जपानात इएयासूच्या आधीचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडची शस्त्रं काढून घेतली. लढणारा आणि नांगरणारा अशी माणसं वेगळी झाली. सामुराई किल्ल्याच्या शहरात तांदळाच्या पगारावर राहू लागला. इकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघालेला कुणबी पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा औताला येई. त्यामुळे शेतकरी आणि शिपाई यांच्यात रेघ ओढणं अवघड होतं. मला वाटतं, मराठी सरंजामाचा स्वभाव समजायला हीच गोष्ट सर्वांत उपयोगाची.

घाटमाथ्याचे नाईक

पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात वतनदारीचा हिशेब वेगळा होता. महादेव कोळ्यांची बावन्न मावळं आणि प्रत्येकावर एक नाईक, अशी जुनी रचना सांगतात. घाटवाटा राखणं हे त्यांचं काम. सातवाहनकाळापासून वाहता असलेला नाणेघाट याच मुलखात आहे. सतराव्या शतकाच्या मध्यात मोगलांनी जमीन मोजून सारा बसवायला घेतला, तेव्हा कोळी उठले. बंड मोडलं आणि पकडलेल्यांची कत्तल झाली. शिवनेरीवरचा कोळी चौथरा त्याची खूण म्हणून दाखवतात.

मानपान

वतन म्हणजे उत्पन्न आणि मान. भांडणं जास्त मानावरून होत. पोळ्याला कोणाचा बैल आधी, होळीला पहिली पोळी कोणाची, विडा आधी कोणाला, यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या झगडत. मग निवाड्यासाठी गावकरी-वतनदारांची गोतसभा बसे. साक्षी होत, निवाडा लिहिला जाई आणि त्याखाली पाटलाचा नांगर, प्रत्येक बलुतेदाराची आपापल्या हत्याराची निशाणी उमटे. जुन्नरचा हातकागद तर प्रसिद्धच होता. पुरावा तोकडा पडला की दिव्य: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की दावा खोटा. आजही इथल्या यात्रांत मानाचा गाडा, मानाची काठी हे शब्द ऐकू येतात.

तळाची पायरी

महार वतनदार होता, पण ते वतन म्हणजे बिनमोल राबणूकच. गावची राखण, शिवेची साक्ष, सरकारी कामासाठी धावपळ, मेलेली जनावरं ओढणं. बदल्यात थोडी जमीन आणि दारोदारची भाकरी. जपानात कातडं आणि मेलेली जनावरं यांच्याशी जोडलेल्यांना असंच बाहेर ठेवलं होतं. तिथे १८७१ च्या हुकमाने ती पायरी कागदावर तरी मोडली. इकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं; त्यांच्या मते हे वतन गुलामगिरीच होतं. ‘गाव गुण्यागोविंदाने नांदत होतं’ असं लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावं.

वतनं कशी गेली

जपानात १८७१ मध्ये दाइम्योंचे मुलूख आणि १८७६ मध्ये सामुराईंची तलवार गेली. महाराष्ट्रात ते तुकड्यातुकड्याने झालं. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या आणि मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने संपलं. महार वतनाची जमीन ठरावीक रक्कम भरल्यावर मूळ वतनदारांना परत देण्याची सोय होती, पण शर्तीवर. म्हणून जुन्नर किंवा घोडेगावच्या तहसीलमध्ये अशा जमिनीचा सातबारा काढला की त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं दिसतं, आणि विकायची झाली तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते.