खिडक्या धुवा, पण दाब ओळखून



पाऊस उघडला, शिवारात कपाशी-सोयाबीन उभे आहे आणि घराघरांत घट बसण्याआधीची साफसफाई निघाली आहे. गोधड्या धुऊन झाल्या, भांडी घासून उन्हात वाळली, भिंतींना रंगाचा हात फिरला, की उरतात त्या खिडक्या. चार महिन्यांचे चिखलाचे शिंतोडे, चुलीचा धूर, कोळ्याची जाळी आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. ओल्या फडक्याने हे पुसत बसणे म्हणजे मायभगिनींची कंबर मोडणारे काम.

आता बऱ्याच घरी ट्रॅक्टर आणि गोठा धुण्यासाठी विजेवरचा जोरदार दाबाचा पंप, म्हणजे वॉशर, आला आहे. तो नसेल तर फवारणीचा एचटीपी पंप असतो. मग तरणा मुलगा म्हणतो, "आई, तू सर बाजूला, पाच मिनिटांत सगळ्या खिडक्या धुऊन देतो." मुलाने घरकामाला हात लावला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पंप सुरू करण्याआधी त्याने चार गोष्टी समजून घ्याव्यात.

दाब म्हणजे किती?

गावच्या पाण्याच्या टाकीतली पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर नळाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. पाठीवरचा हातपंप २ ते ४ किलो देतो, एचटीपी पंप २० ते ४० किलो. घरगुती वॉशरचा दाब १०० किलोच्या घरात किंवा त्याहूनही जास्त असतो. ट्रॅक्टरच्या चाकावर वाळून बसलेली काळी माती उडवायला तो उत्तम. खिडकीचे तावदान म्हणजे मात्र तीन-चार मिलिमीटर जाडीची काच, तीही लांबीने किंवा रबराच्या पट्टीने धरलेली.

एवढी धार जवळून मारली की जुनी लांबी उखडते. सागवानी चौकटीचा रंग निघतो, लाकूड खरवडल्यासारखे होते. पाणी चौकटीमागे शिरते, ओल धरते आणि ओलीमागून वाळवी येते. भिंत मातीची असेल तर सांध्यांतली माती वाहून जाते. दुपारच्या उन्हाने तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडले तर काच तडकू शकते. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. त्याचे उडालेले पापुद्रे अंगणात पडतात, आणि तिथेच पोरे खेळतात, कोंबड्या टिपतात.

फवारणीचा पंप घराकडे फिरवू नका

यातला सर्वांत मोठा धोका हाच. "टाकी तीन वेळा धुतली, आता काय राहिलंय?" असे पुष्कळ जण विचारतात. औषधाचा अंश टाकीपेक्षा रबरी नळीत, गाळणीत आणि नोझलमध्ये जास्त काळ राहतो. त्याच पंपाने खिडकीवर धार मारली की बारीक तुषार गजांतून आत जातात. आत पिठाचा डबा असतो, पाण्याचा हंडा असतो, पाळण्यात तान्हे बाळ असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेतात सुद्धा ज्या औषधाने माणसे दगावतात, त्याचा पंप स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेऊ नये. पंप कितीही धुतला तरी तो औषधाचाच पंप.

वॉशर वापरायचाच असेल तर

तो फक्त बाहेरच्या बाजूने, पक्क्या भिंतीच्या आणि लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या खिडकीला वापरा. आधी काच हलते का, लांबी सुटली आहे का, हे हाताने पाहा. तडा गेलेल्या काचेला धार लावू नका. चौकटीच्या कोपऱ्यात गांधीलमाशीचे पोळे नाही ना, तेही बघा.

अशा यंत्रांच्या नोझलना बहुधा रंगाची खूण असते. लाल म्हणजे सुईसारखी सरळ धार, ती काचेला कधीच नको. पांढरे म्हणजे ४० अंशांत पसरणारी धार, तेच लावा. चार फूट लांब उभे राहून, तिरकी धार वरून खाली फिरवा. सांध्यावर रोखू नका. वेळ सकाळची ठेवा.

यंत्र विजेचे आणि भोवती पाणी, म्हणून पायांत रबरी बूट हवेत. वायरचा जोड जमिनीवर पडलेला नसावा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. मीटर व स्विचबोर्डाकडे धार जाऊ देऊ नका. धार हातापायांवर तर चुकूनही घेऊ नका. ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी आतली इजा मोठी असते. लगेच दवाखाना गाठा आणि कशाने लागले ते डॉक्टरांना सांगा.

बादलीची रीत

खरे सांगायचे तर बहुतेक खिडक्यांना वॉशरची गरजच नाही. तो मिनिटाला सहा-सात लिटर पाणी ओढतो. दहा मिनिटांत चार-पाच हंडे संपले! त्यापेक्षा आधी कोरड्या केरसुणीने जाळी व धूळ झाडा, म्हणजे खड्याने काचेवर ओरखडे येत नाहीत. मग कपडे धुण्याच्या पावडरीचे थोडे पाणी फडक्याने फिरवा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि शेवटी जुन्या वर्तमानपत्राने काच कोरडी करा. बोअरच्या पाण्याचे डाग क्षारांचे असतात. त्यांवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाच मिनिटे ठेवून चोळा. खाली शहाबादी फरशी असेल तर आधी गोणपाट अंथरा. शहाबादी चुनखडीचा दगड आहे, त्याला आंबट पदार्थाने डाग पडतो.

उंचावरच्या खिडक्या मुलाने पुसाव्यात, खालच्या मुलीने, आणि आईने त्या दिवशी नुसते सांगावे. वॉशर गोठ्याला आणि ट्रॅक्टरला राहू द्या, फवारणीचा पंप पिकाला. खिडक्यांना बादली, फडके आणि घरातले चार हात पुरतात.