वाढदिवशी टाकलेला पत्ता

२८ ऑगस्ट २००८ च्या रात्री डेन्व्हरच्या स्टेडियममध्ये बराक ओबामांनी सुमारे ८० हजारांच्या गर्दीपुढे डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली. त्या भाषणाची चर्चा जेमतेम एक रात्र टिकली. दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या ७२व्या वाढदिवशी, रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी ओहायोतल्या डेटनमध्ये उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांना मंचावर आणलं. वय ४४, पाच मुलांची आई, अलास्काच्या गव्हर्नरपदाची दोन वर्षंही पुरी नाहीत. मॅकेन यांच्या मनात खरं तर जो लीबरमन होते. पण गर्भपाताच्या हक्काचे समर्थक असलेले हे माजी डेमोक्रॅट रिपब्लिकन पक्षातल्या कडव्यांच्या पचनी पडेनात. पेलिन आल्या की कडवे खूश, शिवाय डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत हिलरी क्लिंटन हरल्याने नाराज झालेल्या महिलांची काही मतं फुटतील, असा हिशेब. फक्त ‘ओबामा अननुभवी’ हा मॅकेन यांचा हातखंडा मुद्दा त्याच दिवशी बोथट झाला!

सेंट पॉलचं पक्षाचं अधिवेशन पेलिन यांनी गाजवलं. पण महिनाभरातच मुलाखतीत पत्रकार केटी कुरिक यांनी, वर्तमानपत्रं कोणती वाचता, एवढंच विचारलं आणि त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही. तोवर लीमन ब्रदर्स ही बँकही बुडाली होती. निकाल, इलेक्टोरल मतांत : ओबामा ३६५, मॅकेन १७३. लीबरमन यांना न निवडल्याची खंत मॅकेन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे.